गुळाची तालीम

वखारीचं कुलूप तुळजारामनं काढलं, दार ढकललं, दोघं आत शिरले, आन् पहिल्यांदा काय झालं म्हणाल तर राघोबाला भूक लागली. आता आत खायला होतं काय? कोळ्यांची जाळी, आढ्याला टांगलेला मोठा तराजू, कोपऱ्यात दगडी मापं, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, बस्स. पण वास असा, की आत्ताच कुणीतरी कढईतनं गरम काकवी ओतून गेलंय. कमलनगरच्या बाजारातली ती गुळाची वखार बंद पडून कितीतरी पावसाळे गेले होते, तरी भिंतींनी वास सोडला नव्हता. जमिनीनं तर न्हाईच न्हाई, आन् तिथंच सगळी गंमत आहे, पण ती पुढं.

"तुळज्या," राघोबा म्हणला, "हितं तालीम काढलीस तर कुस्ती कमी आन् जेवणंच जास्ती हुतील."

"हुऊ दे. आधी तालीम तर हुऊ दे," तुळजाराम म्हणला, पण हसला न्हाई. त्या दिवसांत त्याच्या डोक्यात एकच घुमायचं, उस्ताद जायलेत.

उस्ताद म्हंजे रेवणसिद्धप्पा. पांढऱ्या मिशा, कुस्तीनं मोडून गाठीसारखे झालेले कान, आन् खांदे असे की म्हातारपण तिथं चढायला भ्यायचं. बिदर, गुलबर्गा, हुमनाबाद, कुठल्या जत्रेत त्यांनी फेटा जिंकला न्हाई ते विचारा. आन् तुळजारामला त्यांनी शोधलं कसं, ऐका. तुळजारामच्या घरची मेंढरं. एकदा नाल्याला पाणी आलं, एक मेंढा पलीकडं अडकला, आन् ह्या पोरानं तो भला थोरला मेंढा खांद्यावर घेतला आन् कमरेएवढ्या पाण्यातनं निवांत चालत अलीकडं आणला. मेंढा वरनं लाथा झाडायला लागलेला, ह्याचं पाऊल हललं न्हाई. काठावर उस्ताद उभे होते. म्हणले, "मेंढा खाली ठेव आन् उद्यापासनं तालमीत ये." तुळजारामला बाप नव्हता. त्या दिवसापासनं पहाटे दारावर उस्तादांची काठी वाजायची, आन् ती वाजली की त्याला वाटायचं, आपल्यालाबी कुणीतरी उठवणारं आहे.

तर ती जुनी तालीम नाल्याच्या काठाला, मातीच्या भिंतींची. मागच्या पावसात बसली, पार बसली. पोरं इकडंतिकडं, कुणाच्या खळ्यात, कुणाच्या गोठ्यात जोर मारायला लागली. उस्तादांनी वर्षभर बघितलं आन् एक दिवस सांगून टाकलं.

"पोरानू, तालमीचा सण म्हंजे नागपंचमी. ह्या नागपंचमीला मातीत पाय पडला तर ठीक. न्हाई पडला, तर म्या अफजलपूरला लेकीकडं जायलोय. भीमेच्या काठाला बसून नातवांना ऊस सोलून देईन."

कुणाला वाटलं म्हातारा रागानं बोलायलाय. तुळजारामनं मात्र उस्तादांच्या घरात जाऊन बघितलं होतं. लोखंडी पेटी भरलेली होती.

म्हणून वखार. वखार होती चंद्रभागाबाईची. तिचा नवरा गुळाचा व्यापारी, तो गेला, तोवर गावाला आगगाडी आली, गूळ गाड्यातनं उतरून थेट टेसनावर जायला लागला, वखारीला कुलूप लागलं. बाई एकटी, पण सगळा बाजार तिला अक्का म्हणायचा आन् सगळा बाजार तिच्या तोंडाला भ्यायचा. तुळजाराम आन् राघोबा तिच्या दारात गेले ते हात जोडूनच.

"कशाला पायजे रं वखार?"

"तालीम करायचीय, अक्का."

"बाजारात? हिकडं तुरीचं दुकान, तिकडं कापडाचं, आन् मधी तुमी लंगोटावर?"

"दार लावून करताव की," राघोबा म्हणला.

"तू तर लावच बाबा, तुझं पोट बघून गिऱ्हाईक पळंल."

भाड्याचं दोन शब्दांत मिटलं, त्यात तिला रस नव्हता. तिच्या दोन अटी होत्या. दाराच्या चौकटीला लागून आतल्या बाजूला एक कोनाडा होता, तिथं तिचा नवरा रोज संध्याकाळी दिवा लावायचा. तो दिवा ती लावणार, रोज.

"भिऊ नका, तालमीचा कायदा मला ठाऊक हाय," ती म्हणली. "मारुतीचं ठाणं, बाईमाणसानं उंबरा वलांडायचा न्हाई. मी उंबऱ्यावरनंच हात लांब करीन. आन् दुसरं ऐका. ह्यांनी हयातभर मुंग्यांना पीठ घातलं. गूळवाल्याचं ते लेकरूच म्हणायचे. माझ्या वखारीत एक मुंगीबी मारायची न्हाई."

"व्हय अक्का, व्हय," तुळजाराम म्हणला. त्यावेळी तिनं वाघ मारायचा न्हाई म्हणलं असतं तरी तो व्हय म्हणला असता.

आन् मग काय काम केलं पोरांनी, बघायला पायजे होतं. जाळी झाडली, भिंती सारवल्या, वर दोन झरोके फोडले तसा उजेड आत असा उतरला की वखार एकदम देवळासारखी दिसायला लागली. तराजू खाली घेतला, आन् ज्या कडीला तराजू होता तिला चढायचा दोर बांधला. ती कडी आयुष्यभर मणामणाच्या ढेपी पेलत आलेली, तिला पोरांचं वजन म्हंजे काय? दगडी मापं उचलायला ठेवली. ढेपी रचायच्या फळ्यांचा चौथरा केला, त्यावर मारुती बसवला. जुन्या तालमीतनं गदा आल्या, मुदगल आले. गाडीवरनं उतरवताना बाजार उभा राहून बघायचा. निजामाचं राज्य, चार पोरं एका जागी जमली तरी पोलिसांचा अमीनसाब विचारायचा कामून जमलाव म्हणून, तालमीला इजाजत लागायची. उस्ताद गेले, आन् इजाजत घेऊन आले. अमीनसाबच कुस्तीचा नादी निघाला. तुळजाराम दिवसभर खपायचा आन् सांज झाली की दारात उभा राहून बघायचा, आन् त्याला खरं वाटायचं न्हाई, की ही आपली.

राहिली माती.

आता कमलनगरची जमीन काळी. काळीत जवारी येती, कुस्ती येत न्हाई. अंगाला चिकटती, वाळली की दगड. तालमीला लाल माती पायजे, ती हुमनाबादकडं. राघोबाचा मामा दुबलगुंडीचा, त्याच्या माळावरनं बैलगाड्या भरून लाल माती आणली, चाळली, मधोमध गुडघाभर हौदा खणला होता त्यात टाकली, तर हौदा निम्माच भरला. परत गाड्या पाठवायच्या तर पेरणीचे दिवस, बैल कोण देतंय?

तुळजाराम हौद्याच्या काठावर बसला, डोकं धरून. शेजारी हौदा खणताना निघालेल्या मातीचा ढीग. त्यानं सहज मूठ भरली. तर माती काळी न्हाईच, तपकिरी, मऊ, तेल लावल्यागत. वर्षानुवर्षं ढेपी पाझरून पाझरून ती गुळानं भिजलेली. त्यानं जिभेला लावली. गोड.

आता पैलवानाचं डोकं कसं चालतं बघा. मातीला ताक घालतात, तेल घालतात, हळद, लिंबू घालतात, कामून? तर मातीला ताकद यावी, ती ताकद अंगाला यावी. मग गूळ? तो तसाच उठला, ती मूठ घेऊन उस्तादांकडं पळाला. उस्तादांनीबी जिभेला लावली. डोळे मिटले. बराच वेळ मिटले.

"गुळानं माणसाला ताकद येती," ते म्हणले.

"व्हय उस्ताद."

"बैलालाबी देताव."

"व्हय."

"मग मातीला कामून दिऊ न्हाई?"

झालं. सगळा ढीग हौद्यात. लाल आन् तपकिरी अशी कालवली की बघून वाटावं आता हिच्यात पडलं तरी भाग्य. नागपंचमीला जमीन उकरायची नसती, कुदळ फावड्याला हात लावायचा नसतो, म्हणून आदल्या दिवशी शेवटचं उकरून घेतलं, ताक शिंपडलं, तेल ओतलं, हातानं सपाट केलं, दार लावलं. उस्ताद जाताना म्हणले, "उद्या पेटी परत रिकामी करावी लागतीया वाटतं." तुळजाराम घरी गेला तो चालत न्हाई, उडत.

सकाळी दूध, लाह्या, फुलं घेऊन तुळजाराम आन् राघोबा आले. दार उघडलं. झरोक्यातनं ऊन हौद्यावर पडलेलं, आन् हौदा हलायला लागलेला.

खरंच हलायला लागलेला. लाल मुंग्या. श्रावणातली ओल, ताक, आन् गोड माती. आसपासच्या सगळ्या वारुळांना आवतण गेल्यासारखं. राघोबाला वाटलं डोळ्यांचा भास, म्हणून त्यानं पाय घातला, आन् जी उडी मारली तशी उडी त्यानं कुस्तीत कधीच मारली नव्हती.

"अगागागा, तुळज्या, लंगोटात गेल्या!"

तेवढ्यात उस्ताद आले. नवा फेटा, कपाळाला विभूती. त्यांनी हौदा बघितला. राघोबा अंग झाडत झाडत म्हणला, "उस्ताद, टाका उकरून भाईर."

"आज नागपंचमी हाय."

"मग रॉकेल वतू."

"आज नागपंचमी हाय रं. आन् ह्यानं अक्काला शबुद दिलाय."

"उद्या मग. उद्या सगळी माती बदलू, परवा कुस्ती."

उस्ताद चौथऱ्यावर बसले, मारुतीच्या पायाशी. फेटा काढला, मांडीवर ठेवला. "म्या नागपंचमी म्हणलो होतो," ते म्हणले. मग, अगदी हळू, "तुळज्या, लेकीकडं जायचं तर बिदरकडं जाणारी गाडी कवा हाय रं?"

तुळजारामनं हातातलं दूध, फुलं चौथऱ्यावर ठेवली. तो तसाच भाईर पडला आन् सरळ अक्काच्या घरी.

अक्का पुरणाची दिंडं वाफेला लावायली होती, त्या दिवशी तवा चढवायचा नसतो न् काय चिरायचं नसतं. त्यानं सगळं सांगितलं, मातीचं, गुळाचं, मुंग्यांचं, पेटीचं. तिनं ऐकून घेतलं.

"वखारीची माती हौद्यात घातलीस?"

"व्हय."

"कुणाचं डोकं?"

"माझं. आन् उस्तादांचं."

"दोघांचं एक करूनबी मुंगीएवढं भरलं न्हाई म्हणायचं." मग तिनं हात पुसले. "मारल्यास का एखादी?"

"न्हाई अक्का. राघोबाच्या अंगावरच्याबी फुंकून काढल्या."

त्यावर तिनं चूल विझवली, कोठीतनं हळदीचा डबा काढला आन् म्हणली, "माळ्यावर जुनी ढेप हाय, ती घे. फोडू नको, आज फोडायची नसती, अख्खीच घे."

ती वखारीला आली आन् उंबऱ्यापाशी थांबली. उस्ताद उभे राहिले. कायदा तर कायदा, आन् बाई तर मदतीला आलेली.

"अक्का, आत..."

"मी आत येतच न्हाई, उस्ताद. मुंग्याच भाईर येतेत, बघा."

आन् ती उंबऱ्याच्या भाईर पायरीवर बसली, पदर कमरेला खोचून, सांगायला लागली. मारुतीच्या बाजूच्या भिंतीपासनं हळद भुरभुरायची. उकरायचं न्हाई, हातानं नुसतं पसरत पुढं यायचं, एक एक वीत, मागं हळद, पुढं मुंग्या. मुंगीला हळद सोसत न्हाई. आन् दारात फळीवर ढेप, तिच्यावर पाण्याचा हात फिरवलेला, म्हंजे वास सुटतो. वखार भरलेली असायची तेव्हा दर श्रावणात नवरा आतनं हळद घेऊन यायचा आन् ही दारात ढेप घेऊन बसायची, असं त्यांनी संसारभर केलेलं.

"हळद तुमी आतनं, गूळ मी भाईरनं," ती म्हणली, "घाई केलीत तर सगळ्या परत खाली जातेत."

उस्तादांनी फेटा खुंटीला अडकवला आन् गुडघ्यावर बसले. साऱ्या मुलखाला लोळवलेला माणूस, हळदीची चिमूट घेऊन मातीवर हात फिरवत सरकायला लागला. त्यांच्या एका बाजूला तुळजाराम, दुसऱ्या बाजूला राघोबा. चावत होत्या, कडाकडा चावत होत्या, पण उस्ताद हूं का चूं करंनात, मग पोरं कशी करणार?

पहिल्यांदा काय झालंच न्हाई. मुंग्या आपल्या जागच्या जागी.

"अक्का," राघोबा म्हणला, "ह्या मुंग्या न्हाईत, लग्नाच्या पावण्या हायत. उठायचं नाव न्हाई."

"पंगत बसल्याबिगर पावणे उठतेत का रं? दम धर."

मग एक आली. उंबऱ्यावर चढली, थांबली, मिशा हलवल्या, ढेपीकडं गेली. अक्का हलली न्हाई. ती परत फिरली, आन् येताना दहा घेऊन आली, आन् मग धागा लागला, मग दोर लागला, मग हाताएवढी लाल वाट हौद्यातनं निघून उंबऱ्यावरनं अक्काच्या मांडीला घासून ढेपीवर. बाजार गोळा झाला. कापडवाला गज टाकून आला. बायका नटूनथटून वारुळाला पूजेला निघालेल्या, त्या थबकल्या.

"अक्का, वारुळाला येत न्हाईस?"

"माझं वारूळ आज हितंच आलंय," अक्का म्हणली.

बायकांनी एकमेकींकडं बघितलं, आन् एकीनं ताटातल्या मूठभर लाह्या ढेपीजवळ टाकल्या. मग दुसरीनं. मग सगळ्यांनीच.

ढेप दिसायची बंद झाली, नुसतं लाल लाल सळसळतं गाठोडं. आता ती हलवायची कुठं? नाल्याच्या काठाला, पडक्या तालमीजवळ मोठं वारूळ होतं. पण न्यायची कशी? गाडीत घातली तर हिसक्यानं सांडणार, पायाखाली मरणार. आन् शबुद दिलेला.

तुळजाराम वाकला, ढेपीसकट फळी उचलली, खांद्यावर घेतली. मुंग्या मानेवर उतरल्या, कानात, पापणीवर. पळालं तर सांडतील, म्हणून पळायचं न्हाई, झटकायचं न्हाई. तो चालायला लागला, निवांत, मेंढा घेऊन पाण्यातनं चालला होता तसा. बाजारानं वाट सोडली. राघोबा पुढनं दगड बाजूला करत चालला, आन् उस्ताद मागनं. तुळजारामच्या मानेवर लाल गांधी उठायल्या, पाठीवरनं घाम गळायलाय, आन् खांदा सपाट, फळी सपाट. नाल्यापाशी त्यानं ती वारुळाला टेकवून ठेवली, निजलेलं लेकरू ठेवावं तशी.

उस्ताद त्याच्याजवळ आले, धोतराच्या सोग्यानं त्याच्या पापणीवरची मुंगी अलगद उचलली, वारुळावर सोडली.

"मेंढा नुसत्या लाथा झाडत होता," ते म्हणले. "ह्यांनी खाल्लं तुला."

"चावल्या थोड्या," तुळजाराम म्हणला. त्याचा डोळा सुजून बंद झालेला.

दुपार कलली तेव्हा हौदा शांत झाला. पूजा झाली. हळदीनं तर माती अशी पिवळीतांबूस दिसायला लागली होती की कुणी म्हणावं मुद्दाम रंगवलीय. सांजेला पोरं लंगोट कसून उभी राहिली, दारात बाजार दाटला, आन् गर्दीतनं अक्का आली. उंबऱ्यावरनंच हात लांब केला, कोनाड्यातला दिवा लावला. उजेड थेट हौद्यावर.

तालमीचा रिवाज असा, की पहिली मूठ उस्तादाच्या कपाळाला. तुळजारामनं मूठ भरली, उस्तादांसमोर वाकला. उस्तादांनी ती मूठ आपल्या हातात घेतली, चालत उंबऱ्यापाशी गेले, आन् ती अक्काच्या तळहातावर ठेवली. अक्कानं त्या मातीकडं बघितलं. मग काय करावं तिनं, तर चिमूटभर जिभेला लावली.

"अजून गोडच हाय की ही," ती म्हणली. "भाद्रपदात परत येतेत मुंग्या, सांगून ठेवते."

"येतेत?" उस्ताद म्हणले.

"दर पावसाळ्याला येतेत. तोवर गूळ उतरंल थोडा, पण येतेत."

उस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला. विचारात पडल्यासारखं केलं. राघोबाला राहवलं न्हाई.

"उस्ताद, मग त्या बिदरच्या गाडीचं काय करायचं?"

"गाडीचं काय करायचं म्हंजे? अक्का दारात ढेप घेऊन बसणार, आन् आतनं हळद घेऊन सरकायला कोण, तू? तुला तर लंगोटात मुंगी गेल्यावर मारुतीचं नाव आठवंना." बाजार हसला. उस्ताद हौद्याच्या काठाला आले, काठी उचलली. "लेकीला सांगावा धाडू, दिवाळीला येतो म्हणून. तुळज्या, डोळा दिसतोय का?"

"एक दिसतोय."

"एक बास हाय. उतर."

तुळजारामनं मातीला हात लावून कपाळाला लावला, मग दाराकडं वळून उंबऱ्याला नमस्कार केला, आन् हौद्यात उतरला. माती पायाला गार लागली. मागं उस्तादांची काठी चौथऱ्याच्या फळीवर वाजली.